मेण, इस्त्री आणि सात वर्षांची लेक: घरी एन्कॉस्टिक करायचं तर आधी आच ओळखा

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. इस्त्रीवर रंगीत मेण वितळवून कार्डावर डोंगर, गवत, समुद्र उमटवण्याचा, म्हणजे एन्कॉस्टिकचा (गरम मेणाने चित्रं काढण्याच्या कलेचा) व्हिडिओ तिने पाहिला आणि हट्ट धरला. आईने घरातली इस्त्री, शाळेचे क्रेयॉन आणि चित्रकलेच्या वहीचं पान घेऊन करून पाहिलं. धूर झाला, वास घरभर पसरला, पानावर तपकिरी चिखल उमटला आणि दुसऱ्या दिवशी बाबांच्या शर्टावर जांभळा डाग. आता त्या विचारतायत की हे घरी जमण्यासारखं आहे का, मुलीला कुठवर हात लावू द्यायचा, आणि नेमकं चुकलं काय.

चुकलं तीन ठिकाणी. इस्त्री जास्त तापली, कागद मेण पिणारा निघाला आणि खडू बहुधा चुकीचे होते. शर्टाचा डाग ही चौथी गोष्ट, पण ती माझ्याही घरात घडलेली आहे, तिच्याकडे नंतर येते.

मी बारा-तेरा वर्षं मेणात काम करते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचे वर्ग घेते. माझ्यापुरतं हे पक्कं झालंय की या कलेत रंग, हात, कल्पना सगळं नंतर, आधी आच. भाकरी करणाऱ्या बाईला तव्याकडे नुसतं बघून कळतं, तसं मेणाचं कळायला लागतं. ते कळेपर्यंत आच मोठ्या माणसाच्या हातात राहू द्यायची. बाकीचं सगळं मूल करू शकतं.

मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. क्रेयॉनमध्ये मुख्यतः पॅराफिन असतं, ते बहुतेक वेळा त्याच्याही आधी. म्हणजे कपातल्या वाफाळत्या चहाइतकी उष्णताही पुरते. आणि आपण काय करतो? कपड्यांच्या सवयीने बटण ‘कॉटन’वर नेतो. तिथे इस्त्री दोनशे अंशांच्या घरात जाते. त्या तापमानाला मेण नुसतं वितळत नाही, ते बिघडायला लागतं, आणि त्यातून निघणारा धूर डोळ्यांना नि घशाला झोंबतो. कढईतलं तेल जळल्यावर जसा ठसका लागतो, त्याच जातीचा. घरात दमा असलेलं कुणी असेल तर हे मुळीच हलक्यावर घेऊ नका. साधा नियम: धूर दिसला की काम थांबलं. इस्त्री उभी करून ठेवा, खिडकी उघडा, पाच मिनिटं बाहेर जा.

चिखलाचं कारणही तेच. जास्त तापलेलं मेण पाण्यासारखं पातळ होतं आणि सगळे रंग एकमेकांत पळतात. लाल, हिरवा, जांभळा एकत्र पळाले की तपकिरीच होणार.

मी इस्त्री कशी वापरते ते सांगते. बटण सगळ्यात खालच्या खुणेवर, बहुतेक इस्त्र्यांवर तिथे ‘नायलॉन’ लिहिलेलं असतं. लाल दिवा लागतो, मग विझतो. विझला की मी प्लगच काढून टाकते. साध्या इस्त्रीचं बूड जाड असतं, पाच-सहा मिनिटं ते कामापुरतं गरम राहतं, आणि तेवढ्यात पोस्टकार्डाएवढी दोन कार्डं सहज होतात. वायर लोंबकळत नाही, मुलाच्या पायात येत नाही, आणि हातात वीज नाही म्हटल्यावर आपलंही लक्ष चित्राकडे राहतं. मेण घट्ट व्हायला लागलं की पुन्हा प्लग लावायचा. वर्गात मुलं या मधल्या वेळेला ‘चहाची सुट्टी’ म्हणतात.

तापमान बरोबर आहे का हे बघायला क्रेयॉनचं टोक बुडाला हलकेच लावा. गरम भातावर तूप सुटतं तसं ते सावकाश सुटलं पाहिजे. बुडबुडे आले किंवा चर्र झालं तर थांबा.

इस्त्री वाफेची नको. तिच्या भोकांत मेण जाऊन बसतं आणि ते कधीच पूर्ण निघत नाही. आपल्याकडची जुनी साधी इस्त्रीच या कामाला उत्तम, फक्त वायर धड आणि तीन पिनांची असू द्या. भंगारात द्यायला काढलेली असेल तर तीच मेणाची इस्त्री. आणि कपड्यांची वेगळी. हे मी शिकले एका पंधरा ऑगस्टच्या सकाळी. झेंडावंदनाला जायची घाई, मुलाचा पांढरा शर्ट आणि खिशाच्या बरोबर वर हिरवा पट्टा. काल ‘पुसून ठेवलेल्या’ इस्त्रीच्या कडेला मेण उरलं होतं. तुमच्या शर्टासाठी सांगते: आधी चमच्याच्या कडेने वरचं मेण खरवडा. मग डागाच्या खाली आणि वर कोरा टिपकागद किंवा पेपर नॅपकिन ठेवून कोमट इस्त्री फिरवा, कागद बदलत राहा. मेण कागदात उतरतं. रंगाची छटा मात्र थोडी राहते, तिला भांड्यांचा साबण लावून अर्धा तास ठेवून धुवा. आमची छटा पूर्ण गेली नाही. तो शर्ट रंगपंचमीला कामी आला.

आता कागद. वहीचं पान मेण शोषून घेतं, त्यामुळे ते पसरत नाही, डाग पडल्यासारखं दिसतं. हवा गुळगुळीत, न शोषणारा, जाडसर कागद. छपाईवाल्यांकडे तीनशे जीएसएमचं आर्ट कार्ड मिळतं, त्यांच्याकडे कापून उरलेल्या पट्ट्या असतात, त्या मागितल्या तर बहुतेक देतात. याहून सोपं म्हणजे घरात साठलेल्या लग्नपत्रिका. चकचकीत पत्रिकेची कोरी बाजू या कामाला फार छान. एकच बघा, तिच्यावर प्लास्टिकचा पापुद्रा चढवलेला नसावा. कोपरा फाडून पाहा: कागदासारखा टरकन फाटला तर ठीक, आणि पारदर्शक पापुद्रा ताणला जाऊन लोंबला तर ती पत्रिका नको, इस्त्रीखाली प्लास्टिक आकसतं.

खडूंच्या बाबतीत दुकानात नीट वाचून घ्या. आपल्याकडे मुलांना सर्रास दिले जातात ते प्लास्टिक क्रेयॉन, कारण ते मोडत नाहीत आणि हाताला लागत नाहीत. ते कमी आचेवर धड वितळत नाहीत, इस्त्रीला चिकटून ओढले जातात, मग आपण आच वाढवतो आणि धूर होतो. तुमच्याकडे हेच झालं असावं. ऑइल पेस्टलही नकोत. त्यात तेल असतं, कार्ड दोन दिवसांनीही बोटाला रंग लावतं. साधे, स्वस्त, नखाने ओरखडा पडतो ते वॅक्स क्रेयॉन घ्या. बारा रंगांच्या पेटीतले नऊ बाजूला ठेवा. पहिल्या दिवशी निळा, पिवळा आणि पांढरा, बस. त्यातून हिरवा आपोआप निघतो आणि काहीही केलं तरी चिखल होत नाही.

प्रत्यक्ष करताना: टेबलावर वर्तमानपत्राची जाड घडी, तिच्यावर कार्ड. शेजारी अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा, जुन्या सुती कापडाचे चार-पाच बोळे. पंखा बंद, खिडकी उघडी. केस बांधलेले, ओढणी नाही. इस्त्री तुमच्या डाव्या हातात, बूड किंचित तिरकं, फॉइलच्या वर. उजव्या हाताने खडू बुडावर टेकवायचा. रंग किती? एका कार्डाला हरभऱ्याच्या डाळीएवढा वितळला तरी पुष्कळ. जास्त घेतलं की कडेने ओघळतं. मग इस्त्री कार्डावर टेकवून एका दमात सावकाश सरळ ओढायची. दाबायचं नाही, ती स्वतःच्या वजनाने जाऊ दे. कार्डावर तलम, काचेसारखा पट्टा उमटतो. तो आकाश झाला, पाणी झालं, काय म्हणाल ते.

आता याच्या पुढचं मुलीला डोळे मोठे करून बघू द्या. इस्त्री ओल्या मेणावर पुन्हा सपाट टेकवा, एक-दोन मोजा आणि ओढू नका, सरळ वर उचला. इस्त्रीखालचं मेण सुटताना कडेने हवा आत घुसते, बोटंबोटं करून, आणि मेण त्या बोटांच्या मधल्या रेषांत गोळा होतं. उमटतं ते हुबेहूब नेच्याचं पान किंवा पानगळीतलं झाड. दोन कागदांत रंग दाबून उघडल्यावर हेच होतं, फक्त मेण थिजत असल्यामुळे इथे ती जाळी फार बारीक नि टोकदार उमटते. आणखी दोन हात सांगते: इस्त्रीची कड ओल्या रंगात टेकवून पटकन वर ओढली की गवताची पाती. नुसतं टोक टेकवलं की पक्षी. शेवटी कार्ड पूर्ण गार झालं की मऊ कापडाने हलकेच घासा, चकाकी येते. ही घासण्याची कामगिरी मुलीची. माझ्या वर्गातली मुलं यात इतकी रमतात की चित्र बाजूलाच राहतं.

इस्त्री दोन-तीनदाच फिरवा. चौथ्यांदा हात गेला की चित्र जातं. मोठ्या माणसांना हे जास्त सांगावं लागतं.

सात वर्षांच्या मुलीने इस्त्री धरावी का? माझं मत, नाही. इस्त्री जड असते, मनगट दमतं आणि दमलेलं मनगट फसवतं. नऊ-दहा वर्षांपर्यंत मी इस्त्री देत नाही, त्यानंतरही माझा हात वर असतो. पण तुमच्या मुलीने नुसतं बघत बसायचं असं नाही. रंग ती निवडेल, कुठे टेकवायचं ते ती बोटाने दाखवेल, ‘उचल’ ती म्हणेल. तुम्ही इस्त्री आहात असं समजा, ती चालवणार. एका वर्गात एक मुलगा आपल्या आजोबांना असं चालवत होता, ‘आजोबा, थोडं डावीकडे... आता थांबा... आता झाड!’ आणि निवृत्त शिक्षक असलेले आजोबा निमूट ऐकत होते. फक्त एक पथ्य पाळा. उमटलं ते काय आहे हे तुम्ही आधी बोलू नका. आपण ‘अय्या, डोंगर!’ म्हणतो आणि मग त्या मुलाला आयुष्यभर तिथे डोंगरच दिसतो. त्याला कदाचित झोपलेली म्हैस दिसली असती.

तिला स्वतःच्या हाताने मेण वितळवायचं असेलच, तर इस्त्री सोडा, तवा घ्या. माझ्या मते लहान मुलांसाठी ही पद्धत इस्त्रीपेक्षा चांगली. बिडाचा जाड तवा मंद आचेवर मिनिट-दीड मिनिट गरम करा, गॅस बंद करून तो लाकडी पाटावर आणून ठेवा, तव्याच्या काठाभोवती जुना टॉवेल गुंडाळा. पाण्याचा एक थेंब टाका. चुरचुरला तर तवा अजून शंभर अंशांच्या वर आहे, थांबा. थेंब मुकाट्याने पसरून वाळायला लागला की त्यावर फॉइल, फॉइलवर कार्ड, आणि मुलीच्या हातात खडू. कागद खालून गरम, त्यामुळे खडू टेकताच रंग वितळून शाईसारखा वाहतो. हात कार्डाला टेकवायचा नाही, खडू मागून धरायचा, एवढंच शिकवायचं. तापलेला धातू साठ-सत्तर अंशांनाही भाजतो. दहाएक मिनिटं काम चालतं. कार्ड उचललं की काही सेकंदांत मेण थिजतं. या कार्डांना इस्त्रीसारखी काचेची चमक नसते, पण रेघ मुलीची असते.

आणि मे महिना असेल, तुम्ही विदर्भात किंवा खानदेशात असाल, तर गॅसचीही गरज नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलेले क्रेयॉन काय होतात ते आठवा. काळा तवा दुपारी गच्चीवर तासभर ठेवा, मग सावलीत आणून त्यावर कार्ड. पाच वर्षांच्या मुलालाही हे देता येतं, पण मेण वितळवणारा हा तवाही भाजतो, म्हणून हात न टेकवण्याचं पथ्य इथेही पाळून.

एन्कॉस्टिक हा शब्द ग्रीक आहे, अर्थ साधारण ‘जाळून आत बसवणं’. वितळलेल्या मेणात रंग कालवून लाकडावर लावायचा आणि पुन्हा ऊब देऊन खालच्या थरात मुरवायचा, ही मूळ पद्धत. इजिप्तमधल्या फायूम भागात पहिल्या ते तिसऱ्या शतकात मृतांचे चेहरे पातळ फळ्यांवर रंगवून ममीच्या तोंडावर बसवत. त्यातली बरीच चित्रं मेणातली आहेत. फ्लिंडर्स पेट्री या उत्खननकाराला १८८८ मध्ये हवारा इथे अशी कितीतरी सापडली. मुलीला त्यांचे फोटो दाखवा, ओल्या डोळ्यांनी कुणी आत्ताच बघितल्यासारखी दिसतात. कोरडी हवा आणि मेण, दोघांनी मिळून ती टिकवली: मेण ओल आत येऊ देत नाही आणि तेलरंगासारखं पिवळं पडत नाही. इस्त्री आणि कार्डाचा प्रकार अगदी अलीकडचा, छंद म्हणून आलेला. त्याला कमी लेखू नका, पण तेवढंच म्हणजे एन्कॉस्टिक असंही समजू नका.

कारण दुसरीकडचं टोकही मुलांना आवडतं. अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सने १९५४-५५ मध्ये आपल्या देशाचा झेंडा मेणात रंगवला, वर्तमानपत्राचे तुकडे मेणाने चिकटवून. जवळ गेलं की झेंड्याच्या आत छापील मजकूर दिसतो. हे घरी करण्यासारखं आहे. प्लायवूडचा वीतभर तुकडा, पेपरातून फाडलेली अक्षरं, वर पारदर्शक मेणाचा पातळ हात. मेण मात्र थेट गॅसवर वितळवायचं नाही. जुन्या डब्यात मेण, डबा गरम पाण्याच्या पातेल्यात. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, म्हणून मेणही जात नाही. हे काम सर्वस्वी मोठ्यांचं, मूल स्वयंपाकघराच्या बाहेर. वितळलेल्या मेणाचा डबा बाहेर आणल्यावर ब्रश तुम्ही चालवा, अक्षरं ती मांडेल. फळीला कॅनव्हासवर लावतात तो अॅक्रिलिकचा पांढरा अस्तर-रंग लावू नका, त्यावर मेण धरत नाही, पापुद्र्याने सुटतं. कोरं लाकूडच बरं.

यासाठी दिवाळीतल्या पांढऱ्या मेणबत्त्यांची थोटकं चालतात, पण नुसतं पॅराफिन ठिसूळ असतं, फळी पडली की टवका उडतो. निम्मं मधमाशीचं मेण घातलं तर लवचीक होतं. ते मधपाळांकडे मिळतं. महाबळेश्वरच्या बाजूला कधी गेलात तर विचारा, तिथलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं आहे. बोटांत मळल्यावर मऊ होतं, मोडल्यावर कड दाणेदार दिसते आणि मधाचा वास येतो ते खरं. न उजळलेलं मेण पिवळं असतं, त्यामुळे तुमचा निळा हिरवट दिसेल, हे आधीच ठाऊक असू द्या. व्यावसायिक लोक मेणात डमार नावाची राळ घालतात, साधारण आठ भाग मेणाला एक भाग, पृष्ठभाग कडक व्हावा म्हणून. ती वितळवायला जास्त आच लागते आणि वाफही चांगली नसते. मुलांच्या कामात तिची काही गरज नाही.

घरातल्या पुड्या मेणात कालवायचा मोह मात्र आवरा. शेंदरात शिसं किंवा पारा असू शकतो, रांगोळीचे रंग कशाचे आहेत ते पुडीवर लिहिलेलं नसतं, आणि बारीक भुकटी श्वासातून आत जाते. खडूत रंग आधीच मेणात बांधलेला असतो, म्हणून तर मी मुलांना खडूच देते.

भाजलंच तर: गरम मेण त्वचेवर पडलं की ते ओढून काढायचं नाही, कातडी सोबत येते. लगेच नळाच्या साध्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही. आजी काहीही म्हणोत. फोड मोठा असेल, किंवा चेहरा, हात, सांध्याजवळ असेल तर डॉक्टर. आणि मेणाने पेट घेतला तर पाणी कधीच ओतू नका, गॅस बंद करून झाकण टाका. पाण्याच्या पातेल्यात काम केलंत तर ती वेळ येऊ नये, पण माहीत असलेलं बरं.

तयार कार्डं एकमेकांवर ठेवताना मध्ये बटर पेपर घाला, उन्हाच्या खिडकीत लावू नका. थंडीत मधमाशीच्या मेणावर पांढुरकी साय आल्यासारखी दिसली तर घाबरू नका, कापडाने पुसली की जाते.

आणि ते तपकिरी पान फेकलं नसेल तर शोधून काढा. त्यावर काळ्या वॅक्स क्रेयॉनचा दाट हात चढवा, गार असतानाच, इस्त्री नको. मग मुलीच्या हातात काडेपेटीतली काडी द्या, गुल मोडून, आणि तिला ओरखडून चित्र काढू दे. काळ्याच्या खालून तो सगळा चिखल उघडा पडेल, कुठे जांभळा, कुठे शेवाळी, आणि एकदोन ठिकाणी तर चक्क तांबूस सोनेरी.